‘क्वीन एलिझाबेथ २’

सहलीचें जहाज म्हणजे केवळ श्रीमंतांच्या मौजेचें साधन, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटत असेल. ‘क्वीन एलिझाबेथ २’ ह्या जहाजाचें चरित्र पाहिल्यास हा समज टिकत नाहीं.

क्युनार्ड कंपनीचें हें ९६३ फूट लांबीचें जहाज स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें बांधलें गेलें व २० सप्टेंबर १९६७ रोजीं पाण्यांत उतरलें. विमानांनीं अटलांटिकवरील उतारू ओढून नेले होते; म्हणून न्यूयॉर्कच्या फेऱ्या व हिवाळ्यांत सहली अशा दुहेरी कामासाठीं तें योजिलें होतें. पनामा कालव्यांतून जातां यावें, इतकीच त्याची रुंदी ठेविली होती.

१९८२ सालीं फॉकलंडच्या युद्धांत ब्रिटिश सरकारनें तें मागून घेतलें. हेलिकॉप्टरें उतरण्यासाठीं त्यावर जागा करण्यांत आली. त्यानें सुमारें ३,००० सैनिक दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंत पोंचविले, आणि परततांना ‘कॉव्हेंट्री’, ‘आर्डेंट’ व ‘अँटिलोप’ ह्या बुडालेल्या युद्धनौकांवरील वांचलेले खलाशी मायदेशीं आणिले.

पुढें १९८६-८७ मध्यें वाफेचीं यंत्रें काढून डीझेलचीं बसविलीं. २००८ सालीं तें निवृत्त होऊन दुबईस गेलें. तेथें २०१८ सालीं त्याचें हॉटेल झालें.

पाहुण्यांची बडदास्त ठेवणाऱ्या ह्या जहाजानें प्रसंग येतांच जखमी व थकलेल्यांसही आसरा दिला, हेंच त्याचें खरें भूषण होय.