पित्ताशय काढल्यावर किती तेल चालतं?

“पित्ताची पिशवी काढली, आता तेल-तूप जन्मभर बंद,” असं रुग्ण घरी आला की कुणीतरी सांगतंच. या धाकाने काहीजण महिनोन्‌महिने पेजेवर राहतात आणि विनाकारण अशक्त होतात.

पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते साठवून दाट करतं आणि स्निग्ध अन्न आतड्यात पोचलं की एकदम सोडतं. पिशवी गेली तरी पित्त बनायचं थांबत नाही, ते थोडं थोडं सतत उतरत राहतं. त्यामुळे थोडं तेल सहज पचतं, पण एकाच जेवणात जास्त आलं तर पोट फुगतं, जुलाब होतात.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी १९९० मध्ये भारतात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून सुरू केली. आता बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात आणि पथ्य घरच्यांच्या हाती जातं. तिथेच घोळ होतो. फोडणीचं तेल मोजलं जातं, पण वाटणातलं खोबरं, रश्श्यावरची तर्री, दुधावरची साय कुणी मोजत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. म्हणजे दिवसभराच्या उपवासानंतर कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी भरपेट खाणं या काळात सर्वांत वाईट. ताकद यावी म्हणून प्रेमाने आणलेले डिंकाचे लाडूही थोडे थांबू देत.

पहिले काही आठवडे मऊ भात, मुगाचं वरण, दुधी किंवा पडवळाची भाजी, ताक, उकडलेल्या अंड्याचं पांढरं, वाफवलेला मासा असं थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून वरण पातळ नको. जेवणाला एखादा छोटा चमचा तेल बहुतेकांना चालतं. मग एका वेळी एकच पदार्थ वाढवून पाहावा. जुलाब होत असतील तर चहा-कॉफी आणि तिखट कमी करावं. ते आठवडाभरात थांबले नाहीत तर डॉक्टरांना सांगावं, त्यावर औषध आहे. बहुतेकांचं जेवण एक-दोन महिन्यांत पूर्वीसारखं होतं.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सततची उलटी, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा पांढरट शौच यांतलं काहीही दिसलं तर आहार बदलून वाट पाहू नये. त्याच दिवशी सर्जनला गाठावं.