सबाल्टर्न : गोऱ्या साहेबापासून ठेका मजदुरापर्यंत

इंग्रजी फौजेत कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याला, म्हणजे लेफ्टनंट आणि सेकंड लेफ्टनंटला, ‘सबाल्टर्न’ म्हणत. विन्स्टन चर्चिल 1896 मध्ये बंगळूरच्या छावणीत आले, ते एकविसाव्या वर्षी, सबाल्टर्न म्हणूनच. हुद्दा खालचा, पण गोऱ्यांच्या उतरंडीतला. देशी सुभेदाराची सारी हयात पलटणीत गेली, तरी मिसरूड फुटलेला गोरा सबाल्टर्न त्याच्या वरच असे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेतले सुभेदार.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘सब’ म्हणजे खाली, ‘आल्टर’ म्हणजे दुसरा. तर्कशास्त्रातही तो जुना आहे. ‘सर्व आंबे गोड आहेत’ या विधानाखालचे ‘काही आंबे गोड आहेत’ हे विधान सबाल्टर्न. वरचे खरे असेल तर खालचेही खरे. पण खालचे खोटे ठरले, की वरचेही कोसळते. खरेपणा वरून खाली येतो, खोटेपणा खालून वर जातो.

मुसोलिनीच्या तुरुंगात टिपणे लिहिताना इटालियन मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शींनी हा शब्द सत्तेबाहेर ठेवलेल्या समाजगटांना लावला. 1982 मध्ये इतिहासकार रणजित गुहांनी ‘सबाल्टर्न स्टडीज’चा पहिला खंड काढला. प्रस्तावनेत त्यांनी शब्दकोशातला साधा अर्थच घेतला : खालच्या दर्जाचा. मग तो दर्जा जातीमुळे असो, वर्गामुळे, वयामुळे वा स्त्री असल्यामुळे. मराठी वाचकाला ही दृष्टी नवखी नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त शूद्रातिशूद्रांच्या बाजूने इतिहास मांडला, तो 1873 मध्येच.

हा शब्द जमिनीवर पाहायचा तर छत्तीसगडमधल्या भिलाईला जावे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. भिलाई नव्या भारताचा अभिमान ठरली. कायम कामगाराला क्वार्टर, दवाखाना, शाळा मिळाली. भोवतालच्या खाजगी कारखान्यांतला ठेका मजदूर मात्र कायम नोकरी आणि पोटापुरता पगार मागत राहिला. या मजदुरांना संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगींचा 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत खून झाला. 1 जुलै 1992 रोजी नियोगींच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे कामगार भिलाईच्या पावर हाउस स्टेशनात रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक जण मेले.

‘सबाल्टर्न बोलू शकतो का?’ असे गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी 1988 मध्ये विचारले होते. पावर हाउसला जमलेले लोक मुके नव्हते. त्यांची युनियन होती, लाल-हिरवा झेंडा होता, मागण्या लेखी होत्या. प्रश्न ऐकणाऱ्याचा होता. भिलाईने सर्वांचे भले केले, हे वरचे विधान टिकते का, हे तपासायचे तर साक्ष त्यांचीच काढावी लागते.