सोरायसिस : जैव औषधे सोडण्याचे पूर्वानुमान

सोरायसिस या दीर्घकालीन त्वचाविकाराच्या तीव्र अवस्थेत ॲडॅलिम्युमॅबसारखी जैव औषधे टोचून देतात. ही बहुतांशी प्रतिपिंडे असून शोथ वाढविणाऱ्या विशिष्ट प्रथिनांची क्रिया ती रोखतात. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या नोंदवहीतील ३,५२३ रुग्णांच्या २०१५ मधील विश्लेषणात पहिलेच जैव औषध एका वर्षानंतर ७७%, तर तीन वर्षांनंतर ५३% रुग्णांत चालू असल्याचे आढळले. मात्र औषध निष्प्रभ ठरल्याने सोडणे व दुष्परिणामांमुळे सोडणे या भिन्न घटना होत. त्यांची सरमिसळ केल्यास पूर्वानुमान फसते. स्थूलतेचा संबंध मुख्यत्वे पहिलीशी आहे. दुष्परिणामांमुळे औषध सोडण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत दिसते. परंतु अशी अनुमाने रुग्णगटास लागू पडतात, एका रुग्णीबाबतचा निर्णय त्यांवरून करता येत नाही. सुप्त क्षय टीएनएफ-रोधकांमुळे उफाळू शकतो. त्याची तपासणी आधीच करतात व भारतात तिला विशेष महत्त्व आहे. याउलट, एफॅलिझुमॅब दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत मेंदूचा दुर्मिळ, घातक विषाणुजन्य विकार उद्भवला, तो औषधास मान्यता मिळाल्यानंतर काही वर्षांनी. २००९ मध्ये ते औषध मागे घेण्यात आले.