जोडीतले ससे भांडू लागले तर

नेरे-हिंजवडी पट्ट्यातली फ्लॅटची बाल्कनी असो वा गावातली पडवी, एकत्र वाढलेले ससे ३ ते ६ महिन्यांत वयात येतात आणि एकमेकांचे केस उपटू लागतात. सोडवताना उघडा हात मध्ये घालू नये, जाड टॉवेल टाकावा. मग केस बाजूला सारून कातडी नीट पाहावी. दाताची बारीक जखमही आत पिकते.

नसबंदी हाच खरा उपाय. तरी संप्रेरके ओसरायला ४ ते ६ आठवडे जातात. तोवर दोघांना जाळीआड शेजारी ठेवावे. पुन्हा भेट घडवायची ती दोघांनाही अनोळखी जागेत.

नसबंदी झालेल्या जुन्या जोडीचे अचानक बिनसले, तर दाताचे किंवा पोटाचे दुखणे असू शकते. आधी पशुवैद्य गाठावा.