निद्रानाश आणि अंथरूण
परीक्षेच्या आदल्या रात्री जुळे सोलापुरातील भाड्याच्या खोलीत केगावच्या विद्यापीठाचा विद्यार्थी जागा राहिला, तर तो निद्रानाश नव्हे. पुरेशी सवड असूनही आठवड्यात किमान ३ रात्री, ३ महिने झोप लागत वा टिकत नसेल आणि दिवसाची कामे बिघडत असतील, तेव्हा ती व्याधी. अशा रुग्णास लवकर अंथरूण धरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. सद्भावनेचाच, परंतु उलटा, कारण टाकीत पाणी बेताचे असता साऱ्या तोट्या सोडल्यास धार कोठेच लागत नाही, तशीच बेताची झोप लांबलेल्या वेळेवर पसरून विरळ होते. संज्ञानात्मक वर्तनोपचार (विचार व सवयी बदलणारी औषधाविना पद्धती) वहीत रोजची झोप टिपवून बिछान्यातील वेळ प्रथम आखडतो व उठण्याची वेळ मुकरर करतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली त्यालाच अग्रक्रम दिला आणि तो मोबाइलवरूनही घेता येतो. नियमित व्यायामाचाही गुण येतो, मात्र काही आठवड्यांनी.