पियानो, तंतुवाद्यें आणि इंग्रजी संगीतांतील भाव

यवतमाळ, दारव्हा, वणी यांसारख्या गांवीं ‘इंग्रजी बाजा’ हा शब्द उच्चारला, कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें लग्नाच्या वरातींतील बँड उभा राहतो. पितळी कर्णे, मोठा ढोल आणि गर्दींतून वाट काढीत जाणारा तो गलबला, एवढीच परदेशी संगीताची ओळख पुष्कळांना असते. ज्याला शब्द नाहींत, ज्याच्या साथीला तबला नाहीं आणि जें चार-पांच माणसें एका दालनांत बसून हलक्या हातानें वाजवितात, असेंहि इंग्रजी संगीत आहे आणि तें ऐकतांना माणसाचा कंठ दाटून येऊं शकतो, असें सांगितल्यास सहसा कोणाचा विश्वास बसत नाहीं. ज्या संगीतांत राग नाहीं, त्यांत भाव कोठून येणार, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याचें उत्तर मराठी कानाला वाटतें तितकें परकें नाहीं.

आधीं एक घोटाळा दूर करणें अवश्य आहे. युरोपांतून आलेल्या सर्वच संगीताला इकडे सरसकट इंग्रजी म्हणण्याची चाल पडली. वस्तुतः बीथोव्हेन जर्मन होता आणि शोपँ पोलंडचा. खुद्द इंग्लंडांत १६९५ सालीं हेन्री पर्सेल वारल्यानंतर सुमारें दोनशें वर्षें त्या तोडीचा रचनाकार निपजला नाहीं, असें तेथील जाणतेच मानीत आले आहेत. एकोणिसावें शतक सरत आलें तेव्हां एडवर्ड एल्गार आणि त्यांच्या मागून व्हॉन विल्यम्स यांनीं ती उणीव भरून काढण्यास आरंभ केला. महाराष्ट्रांत बालगंधर्वांची नाटकें गाजत होतीं, त्याच सुमारास या इंग्रज रचनाकारांच्या उत्तम कृति लिहिल्या जात होत्या.

आतां वाद्यांचा विचार करूं जातां पहिला मान पियानोचा. त्याच्या पोटांत दोनशेंहून अधिक पोलादी तारा ताणून बसविलेल्या असतात. पट्टी दाबली, कीं नमदा चढविलेली लहानशी हातोडी तारेवर आपटते आणि तत्काळ मागें येते. त्यानंतर बोट पट्टीवर कितीहि वेळ ठेवलें, तरी स्वर वाढत नाहीं. जन्मल्या क्षणापासून तो विझूं लागतो. पेटीचा भाता स्वर धरून ठेवतो, गवयाचा श्वास त्याला फुलवितो; पियानोला यांपैकीं कांहींच साधत नाहीं. मींड तर त्याला मुळींच वर्ज्य. पण नेमक्या याच उणिवेंत त्याच्या भावाचें मूळ आहे. देवळांतील घंटेचा टोल देऊन झाल्यावर मागें जो नाद रेंगाळतो, त्यानें मन कसें हुरहुरतें, हें प्रत्येकाच्या अनुभवाचें आहे. पियानोचा प्रत्येक स्वर असा निघून जाणारा असतो. शिवाय पायाखालचा दांडा दाबून ठेवला, म्हणजे सर्व तारा मोकळ्या राहतात आणि एकीचा कंप दुसरीला लागतो. सतारीच्या तरफा न छेडतां बोलूं लागतात, तसाच हा प्रकार आहे.

व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांची जात निराळी. तीं गजानें वाजतात. गज ओढला जात आहे तोंवर स्वर जिवंत राहतो, वाढवितां येतो, बारीक करतां येतो. त्यांना पडदे नसल्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणेंहि शक्य होतें. म्हणूनच तर गजाननराव जोशी आणि वाईस जन्मलेले विष्णु गोविंद जोग यांना व्हायोलिनांतून ख्यालाची गायकी काढतां आली. इंग्रज वादक तें हनुवटीखालीं धरतो, इकडील वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचें टोंक पायावर टेकवितो. वाद्य तेंच असतें. तेव्हां पियानो आणि तंतुवाद्यें एकत्र आलीं, म्हणजे एका बाजूस क्षणोक्षणीं मावळणारा स्वर आणि दुसऱ्या बाजूस मनुष्याच्या गळ्यासारखा टिकणारा स्वर, असा संवाद सुरू होतो.

खरी अडचण येते ती स्वरमेळाची. येथील मैफलींत तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि गवई त्याच्या आधारावर दूर जाऊन पुन्हां घरीं येतो. इंग्रजी संगीतांत पायाखालची भूमिच सरकत असते. एकाच वेळीं तीन-चार स्वर निघतात. त्यांपैकीं एक जागच्या जागीं धरून ठेवतात आणि बाकीचे पुढें चालवितात. मग तो मागें राहिलेला स्वर इतरांशीं विसंवादी होतो, त्यांना घांसूं लागतो. ऐकणाऱ्याला वाटतें, आतां हा सुटावा. आणि तो एकच पायरी उतरून इतरांत मिसळतो. तबलजीची तिहाई समेवर येईपर्यंत जीव जसा टांगणीला लागतो आणि समेला जसा मोकळा होतो, त्याच प्रकारची ही गोष्ट आहे. फरक इतकाच, कीं येथें तालाचें काम स्वर करतात. हें एकदां उमगलें, म्हणजे जो गोंगाट वाटत होता, त्यांत आशा आणि सुटका यांची वाट दिसूं लागते.

कांहीं ठिकाणीं तर मराठी श्रोत्याला वाट शोधावीहि लागत नाहीं. सोळाव्या शतकांतील टॅलिस या रचनाकाराची एक भजनाची चाल घेऊन व्हॉन विल्यम्स यांनीं केवळ तंतुवाद्यांसाठीं एक रचना केली आणि १९१० सालीं ग्लॉस्टर येथील मोठ्या प्रार्थनामंदिरांत ती प्रथम वाजविली गेली. त्या चालीचें स्वरसप्तक म्हणजे ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे चारहि कोमल. अर्थात् भैरवी थाट. रात्रभर चाललेल्या मैफलीच्या शेवटीं भैरवी ऐकून उठण्याची ज्याला संवय आहे, त्याला त्या इंग्रजी सुरांतील उदास शांति ओळखीची वाटावी, यांत नवल नाहीं.

त्याच रचनाकाराची दुसरी कृति चंडोल पक्ष्याच्या आकाशांत चढत जाण्यावर आहे. १९१४ सालीं ती व्हायोलिन आणि पियानो यांसाठीं लिहिली. पण महायुद्ध सुरू झालें, रचनाकार स्वतः सैन्याच्या शुश्रूषापथकांत दाखल झाले आणि कृति पडून राहिली. १९२० सालीं ती पहिल्यानें लोकांपुढें आली व पुढच्या वर्षीं वाद्यवृंदासह वाजली. तिच्या आरंभीं पियानो कांहीं स्वर लावून स्तब्ध होतो आणि व्हायोलिन एकटेंच, तालाचें बंधन न ठेवतां, बहुतांशीं पांच स्वरांच्या आधारानें वर वर जाऊं लागतें. औडव रागाचा आलाप ज्यानें ऐकला आहे, त्याला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. कपाशीच्या शेतावरून चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दिसेनासा झाल्यावरहि त्याचा आवाज येत राहतो, हें दृश्य यवतमाळच्या शेतकऱ्यालाहि ठाऊक आहे. या रचनेचा शेवटहि तसाच होतो: सोबत थांबते आणि एकटें व्हायोलिन विरून जातें. मध्यंतरीं झालेल्या मनुष्यसंहाराची आठवण ठेवून ऐकणाऱ्या इंग्रजांना तो शेवट असह्य सुंदर वाटला असल्यास आश्चर्य नाहीं.

एल्गार यांनीं तेंच युद्ध संपत आलें असतां, १९१८ सालीं, ससेक्स परगण्यांतील रानाकांठच्या एका लहान घरांत राहून पियानो आणि चार तंतुवाद्यें यांचें पंचक लिहिलें. त्याचा मधला संथ भाग व्हायोलाच्या स्वरानें उघडतो. व्हायोला हें वाद्य एरव्हीं व्हायोलिनच्या सावलींत राहणारें. त्याचा आवाज किंचित् दबका, आंतल्या आंत बोलणाऱ्या माणसासारखा. येथें त्यालाच पहिला शब्द दिला आहे. पंचक १९१९ सालीं लंडनमध्यें वाजविलें गेलें. १९२० च्या एप्रिल महिन्यांत एल्गार यांची पत्नी वारली, आणि त्यानंतर १९३४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांच्या हातून थोर म्हणण्यासारखें फारच थोडें लिहून झालें.

परंतु वऱ्हाडाशीं दुरून कां होईना, धागा जुळणारा इंग्रज रचनाकार म्हणजे जॉन फोल्ड्स. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरांतून लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात असे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी मुख्यतः कापसासाठींच घातली गेली. त्या कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या मँचेस्टर शहरीं १८५८ सालीं हॅले वाद्यवृंद सुरू झाला. फोल्ड्स १८८० सालीं त्याच शहरीं जन्मले आणि त्या वृंदांत चेलो वाजवूं लागले. त्यांची पत्नी मॉड मॅकार्थी ही व्हायोलिन वाजविणारी. तिनें हिंदुस्थानांत येऊन येथील गायनाचा अभ्यास केला होता. तिच्यामुळें फोल्ड्सना या देशाच्या स्वरपद्धतींचा ध्यास लागला. दक्षिणेंतील मेलकर्त्यांच्या आधारानें त्यांनीं पियानोसाठीं रचना केल्या, आणि तंतुवाद्यांसाठीं लिहितांना अर्ध्या स्वराचेहि दोन भाग करून पाहिले. १९३५ सालीं ते हिंदुस्थानांत आले व पुढें दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. तेथें त्यांनीं देशी वादकांनाहि घेऊन वाद्यवृंद उभारला. पियानोसाठीं आयुष्यभर लिहिणाऱ्या याच गृहस्थानें १९३८ सालीं बाजाच्या पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला. पेटीचे ठाम बारा स्वर हिंदी गायनांतील श्रुति मारून टाकतात, असें त्यांचें म्हणणें होतें. १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला जी बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली.

फोल्ड्स यांना मात्र ती पाहावयास मिळाली नाहीं. १९३९ च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याच्या केंद्रावर नवें काम सुरू करण्यासाठीं ते गेले आणि थोड्याच दिवसांत पटकीनें वारले. हिंदुस्थानांत लिहिलेल्या त्यांच्या पुष्कळशा रचना नष्ट झाल्या.

असा मेळ घालण्याचा यत्न मराठी मुलुखांतहि झाला होता. अमरावतीस जन्मलेले केशवराव भोळे यांनीं १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाच्या संगीतांत पियानो आणि व्हायोलिन आणलें; मुंबईंत मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं वाद्यवृंद उभारला. तेव्हां हें संगीत या प्रांताला अगदींच अपरिचित राहिलें, असें नव्हे. उणीव आहे ती ऐकण्याच्या संवयीची. एकच कृति चार-सहा वेळां, दिवेलागणीनंतरच्या शांत वेळीं ऐकावी. आरंभीं सर्व स्वर पकडूं न जातां एकाच वाद्याच्या मागें जावें. आणि विसंवादी स्वर कोठें थांबतो व केव्हां सुटतो, एवढेंच पाहावें.

त्या अभ्यासाला फोल्ड्स यांचाच एक संथ तुकडा फार उपयोगी आहे. ‘क्वार्तेत्तो जेनिआले’ या त्यांच्या तंतुचतुष्टयापैकीं बाकीचे भाग हरवले. ‘लेंतो क्विएतो’, म्हणजे ‘संथ व शांत’, या नांवाचा तेवढा भाग उरला आहे. चार वाद्यें त्यांत अगदीं हळू आवाजांत, एकमेकांना वाट देत बोलतात. यवतमाळच्या श्रोत्यानें तो ऐकावा, आणि भाव कोठून येणार, हा प्रश्न मग पुन्हां स्वतःलाच विचारून पाहावा.