एक्स्क्यूज, ॲलिबाय, प्ली: सगळ्याच सबबी नव्हेत

आज इंग्रजीतले असे शब्द घेतलेत, ज्यांना आपण सरसकट 'सबब' म्हणून मोकळे होतो.

एक्स्क्यूजमध्ये चूक मान्य असते, दोष तेवढा कमी धरा एवढंच म्हणणं. जस्टिफिकेशन म्हणजे 'केलं ते बरोबरच केलं'. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५६ च्या व्याख्यानात हा फरक छान उलगडलाय. म्हणून साहेबांना ईमेल लिहिताना उशिराचं खरं कारण असेल तर 'रीझन' लिहा. 'माय एक्स्क्यूज' लिहिलंत की कारण लंगडं आहे हे तुम्हीच सांगितल्यासारखं होतं!

ॲलिबायचा तर फारच गोंधळ. मूळ लॅटिन अर्थ 'दुसरीकडे'. पुण्यात खून झाला तेव्हा मी नागपुरात होतो, हा ॲलिबाय. यात चूक मान्य नसतेच. मी तिथे नव्हतोच, हा दावा असतो. आणि आपल्या कोर्टात तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, बरं का. बोलण्यात लोक तो एक्स्क्यूजसारखा वापरतात, मला ते खटकतं.

प्रीटेक्स्ट म्हणजे बहाणा. एक्स्क्यूज खरं असू शकतं. प्रीटेक्स्टमागे खरा हेतू लपलेला असतो.

आता प्ली. 'हायकोर्टाने प्ली फेटाळली' या मथळ्यात ती बहुतेकदा याचिका किंवा अर्ज असते. फौजदारी खटल्यात आरोपीला प्ली विचारतात, तेव्हा मात्र प्रश्न असतो, गुन्हा कबूल आहे का? अपील त्यानंतरचं, निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात. कोर्टाबाहेर प्लीमध्ये काकुळती येते, तर रक्तदानासाठी चारचौघांत करतात ते अपील, म्हणजे आवाहन.